नवाची बेरीज

इंजिन रात्रभर गार राहू दे, असं वडील म्हणायचे.
इन्व्हरकार्गिलच्या ऑगस्टात ते सांगावं लागत नाही.
शेडच्या पत्र्यावर दव गोठलंय
आणि गार्थचे हात खिशातून निघत नाहीत.

अठ्ठावन्न सालची मॉरिस.
रिंगा नव्या, बेअरिंगं नवी,
हेड डनीडनहून घासून आणलं.
व्हॉल्व्ह मी बसवले, पेस्ट लावून,
लाकडी दांडी दोन तळव्यांत धरून
रवी फिरवावी तशी, आठ संध्याकाळी, एकेक.
तेव्हा तो ब्रिस्बेनला होता.
घर विकल्यापासून तिथेच.

आता तो बंपरपाशी, हँडल घालून वाकलेला.
मी बॉनेटखाली, वडिलांचं फीलर गेज घेऊन.
इंचाचे हजार भाग, त्यातले बारा:
रॉकर आणि व्हॉल्व्हच्या शेंड्यात
एवढीच फट ठेवायची.
पोस्टकार्डाच्या जाडीएवढी.
(सहा वर्षांत एक आलं होतं.
पुढे पूल, मागे नुसता माझा पत्ता.)

तापलं की लोखंड वाढतं.
त्याला वाढायला जागा
गार असतानाच सोडायची.

घरातला जुना हिशेब दोघांनाही पाठ:
जो व्हॉल्व्ह पुरता दबलाय
तो नवातून वजा कर, उरेल त्याची फट बघ.
तो हँडल फिरवतो. मी म्हणते, थांब.
"आठ."
"एक."
"सहा."
"तीन."
"चार."
"पाच."
सकाळभर आमचं बोलणं
नवाच्या पुढे गेलं नाही.

स्क्रू धरून ठेवायचा, नट आवळायचा.
आवळताना स्क्रू केसभर फिरतोच
आणि जमलेलं हुकतं.
पुन्हा सैल कर. पुन्हा आवळ.
पाती सरकली पाहिजे, पण सहज नाही,
मिटलेल्या वहीतून कागद ओढावा तशी.
दोन नंबरला माझी चार वेळा हुकली.
तो हँडलवर हात ठेवून उभा राहिला.
घाई कर म्हणाला नाही.
पूर्वी म्हणाला असता.

दुपारी प्लग लावले, झाकण बसवलं.
पहिल्याच सेल्फला इंजिन उठलं,
शेडभर निळा धूर, आणि त्या धुरात
टिक्. टिक्. टिक्.
"टॅपेट वाजतंय तोवर झोप,"
गार्थ वडिलांच्या आवाजात म्हणाला,
"गप्प झालं की ऊठ, व्हॉल्व्ह जळतोय."
मी हसले असावे. त्यानं मान वळवली.

तरी कान ऐकेना.
गार झाल्यावर झाकण पुन्हा काढलं.
सहा नंबर. पाती घातली: बारा.
नट सोडला, आवळला: बारा.
बारा आहे तर वाजतंय का?

तेव्हा त्यानं हातमोजा काढला,
रॉकर शाफ्टवरून बाजूला सरकवला
आणि त्याच्या तोंडावरून नख फिरवलं.
"खड्डा पडलाय," म्हणाला.
"साठ वर्षं एकाच जागी आपटून.
पाती खड्ड्याच्या दोन काठांवर टेकते,
वरच्या वर निघून जाते.
खाली किती आहे ते तिला कळतच नाही."

मी माझं नख फिरवलं. होता.
मसुराच्या डाळीएवढा, गुळगुळीत.
वडिलांनी कितीदा मोजलं असेल इथे,
कितीदा बारा आलं असेल,
आणि ते समाधानानं चहाला आत गेले असतील.

"नवा रॉकर मागवते," मी म्हटलं,
"सोमवारी येईल."
त्याचं विमान रविवारचं.
त्यानं चिंध्यांच्या डब्यातून एक चिंधी उचलली,
बोटं पुसली, अंगठा पुसला,
मग नखाखालची काजळी कोरत बसला.
"सोमवारी कितीला येतो पोस्टमन?"

"दहा, साडेदहा," मी सांगितलं.
"कधीकधी मंगळवारही उजाडतो."